डिस्चार्जच्या कागदावर आईसाठीही जागा ठेवा

प्रति,
प्रसूती विभाग चालवणारे डॉक्टर, विभागाच्या प्रमुख परिचारिका आणि डिस्चार्जचा कागद ज्यांच्या हातून जातो ते सर्वजण

विषय : बाळंतिणीला घरी सोडताना द्यायच्या लेखी सूचना

सप्रेम नमस्कार,

घरी जाताना बाळंतिणीच्या हातात जो कागद पडतो, त्यावर बाळाबद्दल बरंच काही असतं. वजन, लसींच्या तारखा, कावीळ वाटली तर काय करायचं, दिवसात किती वेळा पाजायचं. आईच्या वाट्याला बहुतेक वेळा तीन ओळी येतात : विश्रांती घ्या, पौष्टिक आहार घ्या, सहा आठवड्यांनी दाखवा. हे पत्र त्या तीन ओळींबद्दल आहे.

आम्ही बाळंतपणानंतरच्या दिवसांत बायकांबरोबर काम करणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि स्तनपान सल्लागार आहोत. त्या तीन ओळींत चूक काहीच नाही, पण त्या वाचून बाईला काही करता येत नाही. विश्रांती घ्यायची तर सिझरनंतर पहिल्याच दिवशी उठून चालायला का लावतात? किती रक्त गेलं म्हणजे जास्त? कोणतं डोकं झोप न झाल्यामुळे दुखतंय आणि कोणतं रक्तदाबामुळे? हे प्रश्न तिला रात्री दोन वाजता पडतात आणि त्या वेळी उत्तर म्हणून आकडा लागतो, सल्ला नाही. म्हणून विनंती आहे की हा कागद नव्याने लिहा. त्यात काय असायला हवं ते पुढे मांडतो आहोत.

सुरुवात अंगावरून जाण्यापासून. पहिले तीन-चार दिवस स्राव लालभडक असतो. दहाव्या दिवसाच्या आसपास तो गुलाबी-तपकिरी होतो, मग पिवळट पांढरा होऊन चार ते सहा आठवड्यांत थांबतो. सिझर झालेल्या बाईलाही हे सगळं होतं. ‘ऑपरेशनमध्ये सगळं साफ केलं असेल ना’ हा समज इतका पक्का आहे की ते वेगळं लिहावंच लागेल. बराच वेळ पडून राहिल्यावर उठलं की भसकन जातं, कारण झोपलेल्या स्थितीत योनिमार्गात साठलेलं रक्त एकदम खाली येतं. बाळ पाजतानाही पोटात कळ येऊन थोडं जास्त जातं. पाजताना ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते गर्भाशय आवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा जास्त जोराच्या असतात. हे आधी माहीत नसलं तर पहिल्या तीन दिवसांत घरात दोनदा धावपळ होते आणि मग खरोखर धावायची वेळ येते तेव्हा ‘असंच असतं’ म्हणून सगळे बसून राहतात.

धोक्याची खूण अशी लिहा : तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला आणि पुढच्या तासातही तेच झालं, तर वाट न पाहता दवाखाना. कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी गाठ पडली, चक्कर आली, छाती धडधडायला लागली, अंगाला गार घाम सुटला, तर दुसऱ्या पॅडचीही वाट पाहायची नाही. आणि ‘पूर्ण भिजला’ म्हणजे काय हे बोलून समजत नाही, दाखवावं लागतं. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने एक कोरा पॅड घ्यावा, त्यावर रंगवलेलं पाणी हळूहळू ओतावं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कडांपर्यंत भरून तो हाताला जड लागेपर्यंत थांबू नये. मधे लाल डाग पडलेला पॅड आणि हा जड पॅड शेजारी ठेवून दोन्ही आईच्या हातात द्यावेत. नजरेने केलेला रक्ताचा अंदाज कमी येतो, आपल्या सरावलेल्या डोळ्यांचाही. मग घरच्यांकडून काय अपेक्षा करणार?

आणखी एक तारीख कागदावर यायला हवी. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान थांबत आलेलं रक्त पुन्हा लाल होऊ शकतं, कारण वार जिथे चिकटलेली होती त्या जखमेची खपली सुटते. हे तास-दोन तासांत ओसरायला हवं. ओसरलं नाही, वाढत गेलं किंवा वास यायला लागला, ताप 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर वारेचा तुकडा राहिलेला असू शकतो किंवा जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. दोन्हींवर घरी उपाय नाही.

लघवीबद्दल तर कागदावर अवाक्षर नसतं. प्रसूतीनंतर किंवा लघवीची नळी काढल्यानंतर सहा तासांच्या आत लघवी व्हायला हवी, आणि पहिल्या एक-दोन वेळची मापायला हवी. कळा देण्याचा टप्पा लांबला असेल किंवा पाठीतून भूल दिली असेल तर मूत्राशयाची संवेदना काही काळ बोथट होते. त्याच दिवसांत शरीर गरोदरपणात साठवलेलं जादा पाणी बाहेर टाकत असतं. मूत्राशय भरत जातं आणि बाईला ते कळतच नाही. मग थोडी थोडी, वारंवार लघवी होते आणि सगळ्यांना वाटतं की व्यवस्थित चाललंय. खरं तर भरलेल्या भांड्यातून सांडतंय तेवढंच बाहेर येत असतं. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर आणि एका बाजूला ढकलतं, ते नीट आवळत नाही आणि रक्तस्राव वाढतो. म्हणून पहिले काही दिवस भावना होवो न होवो, दर दोन-तीन तासांनी घड्याळ बघून जायचं, एवढी एक ओळ कागदावर हवी. जमलं तर आईला स्वतःचं गर्भाशय हाताने चाचपायला शिकवा. पहिल्या दिवशी ते बेंबीच्या पातळीला घट्ट गोळ्यासारखं लागतं, रोज साधारण एक बोट खाली उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत ओटीपोटात दिसेनासं होतं. प्रसूतीनंतर लगेच साधारण एक किलो असलेला हा अवयव सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतो. ज्या बाईला हे समजतं ती ‘माझं पोट अजून का दिसतंय’ असं स्वतःला दहाव्या दिवशी विचारत नाही.

योनिमार्गाजवळच्या टाक्यांच्या बाबतीत पहिली मागणी अशी की फाटलं किती, ते श्रेणीसह कागदावर लिहा. ‘टाके घातले आहेत’ एवढ्याने भागत नाही. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची जखम आणि गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची जखम यांची काळजी वेगळी आहे. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत शी मऊ ठेवण्याचं औषध पहिले काही आठवडे न चुकता घ्यावं लागतं आणि सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान स्वतंत्र तपासणी लागते. गॅसवर ताबा न राहणं हे लाजेपोटी लपवण्याचं लक्षण नाही, हेही त्या बाईला कुणीतरी सांगावं लागतं. स्वतःची श्रेणी माहीत नसलेली बाई पुढच्या बाळंतपणात डॉक्टरांना काय सांगणार?

बाकीची काळजी साधी आहे, पण क्रमाने लिहावी. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, स्वच्छ कापडात गुंडाळून, एका वेळी दहा ते वीस मिनिटं. उघडा बर्फ त्वचेला लावला तर त्वचा जळते. त्यानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पाण्यात जंतुनाशक घालायची गरज नाही, त्याने आग होते आणि नवी कातडी कोरडी पडते. लघवी करताना पुढून कोमट पाणी ओतत राहिलं की चुरचुर कमी होते. धुणं-पुसणं पुढून मागे, पॅड दर तीन-चार तासांनी बदलायचा, भिजलेला असो वा नसो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि नंतर रोज थोडी उतरते. उतरत आलेलं दुखणं पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा वाढलं, तर टाके उसवलेत किंवा पू धरलाय का ते बघायला हवं. दोनेक आठवड्यांनी पॅडवर धाग्याचा तुकडा दिसला तर तो विरघळणाऱ्या टाक्याचा असतो.

पहिल्या शीची भीती या दिवसांत फार मोठी असते आणि त्या भीतीनेच बद्धकोष्ठता वाढते. पायाखाली छोटं स्टूल ठेवायचं, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. स्वच्छ पॅड टाक्यांवर तळहाताने हलका दाबून धरायचा. श्वास रोखून कुंथायचं नाही, तोंड उघडं ठेवून श्वास सोडायचा. आणि भावना झाली की त्याच मिनिटाला जायचं, बाळ रडत असलं तरी. ते कुणीतरी घ्यावं.

सिझरनंतर कॉटवरून उठणं हा पाच मिनिटांचा धडा आहे, पण तो दिला जात नाही. बाई सरळ उठायला जाते, नवरा दोन्ही हात धरून ओढतो आणि सगळा ताण नेमका टाक्यांवर येतो. बरोबर पद्धत अशी : पाठीवर असतानाच गुडघे वाकवायचे. खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, पिळा पडू द्यायचा नाही. पाय कॉटच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपराने व वरच्या तळहाताने गादीला रेटा देत, श्वास सोडत बसतं व्हायचं. दोन मिनिटं बसून राहायचं, डोकं गरगरत नसेल तरच उभं राहायचं. खोकला, शिंक, हसू यायच्या आधी उशी पोटावर धरायची. नवऱ्याने शेजारी उभं राहावं, पण ओढू नये. हे दवाखान्यातच दोनदा करून घ्या. घरी गेल्यावर चित्र बघून जमत नाही.

आणि लवकर चालायला का लावतो, हेही सांगा. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका बराच वाढलेला असतो आणि सिझरनंतर तो आणखी जास्त असतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर चोळायची नाही, दवाखान्यात जायचं. चोळल्याने गुठळी सुटू शकते. एकाएकी धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचलं तर ती त्याच तासाची गोष्ट आहे.

सिझरची जखम बिघडायची असेल तर बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर बिघडते, म्हणजे बाई घरी असताना. ती तिला स्वतःला नीट दिसतही नाही, कारण पोटाची घडी तिच्यावर येते. त्या घडीत ओल राहते. अंघोळीनंतर टिपून कोरडं करायचं आणि रोज एकदा आरशात किंवा घरच्या माणसाने बघायचं : लाली पसरतेय का, कड उघडतेय का, पाणी किंवा पू येतोय का. जखमेच्या आसपास बधिरपणा काही महिने राहतो, तो काळजीचा नाही. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादली बाळापेक्षा जड असते, हे घरच्यांसाठी अधोरेखित करा.

दुखण्याच्या गोळीबद्दल ‘गरज पडल्यास’ असं लिहू नका. तसं लिहिलं की बाई असह्य होईपर्यंत थांबते, मग गोळीला परिणाम दाखवायला वेळ लागतो, तोवर ती हलत नाही, खोल श्वास घेत नाही, बाळाला नीट जवळ घेत नाही. पहिले तीन-चार दिवस घड्याळाप्रमाणे वेळ लिहा. प्रौढ बाईला पॅरासिटामोल 1 ग्रॅम दर सहा तासांनी, 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, आणि वजन 50 किलोच्या आत असेल तर त्याहून कमी. मूत्रपिंडाचा, पोटातल्या व्रणाचा किंवा दम्याचा त्रास नसेल तर सोबत आयबुप्रोफेन. दोन्ही स्तनपानात चालतात, आणि हे वाक्य कागदावर ठळक हवं, कारण ‘दुधातून बाळाला जाईल’ म्हणून गोळी पुड्यातच ठेवणाऱ्या बायका खूप आहेत.

आता या पत्रातला आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. प्रसूतीनंतर रक्तदाब आधी थोडा उतरतो आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत वर जातो. बहुतेक बायका तेव्हा घरी पोचलेल्या असतात. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब एकदाही वाढला नव्हता, त्यांनाही प्रसूतीनंतर प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब वाढून इतर अवयवांनाही इजा करणारा विकार, होऊ शकतो, सहा आठवड्यांपर्यंत. वार बाहेर पडली की धोका संपला, हा समज घरच्यांत असतो तसा आपल्यातल्या काहींच्या बोलण्यातही असतो. रक्तदाबाचा त्रास असलेल्या बाईचं माप दहा दिवसांच्या आत घेतलंच पाहिजे, आणि तो गंभीर होता तर 72 तासांच्या आत. तिला ‘सहा आठवड्यांनी या’ सांगणं म्हणजे नेमका धोक्याचा आठवडा मोकळा सोडणं.

कागदावर आकडे असे हवेत. वरचा 140 किंवा खालचा 90 आला तर त्याच दिवशी फोन. वरचा 160 किंवा खालचा 110 आला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि तेवढाच आला तर थेट दवाखाना, रात्र असली तरी. मोजायची पद्धतही लिहा, कारण चुकीच्या मापाने घबराटही होते आणि खोटा दिलासाही मिळतो : पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढून येतो. बाळ पाजताना किंवा बोलताना मोजायचं नाही.

यंत्र नसेल तर लक्षणांवर जायचं : गोळीने न जाणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज. पायांवरची सूज पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणींना असते, तिने घाबरू नये. पाठीतून भूल दिलेल्यांना एक वेगळी डोकेदुखी होते. ती बसल्या-उभ्याने वाढते आणि आडवं झालं की मिनिटांत कमी होते. तिच्यावरही उपचार आहेत, पण दोन्हींतला फरक दवाखान्यात कळू दे, घरी ठरवायला लावू नका.

इथे आमची एक छोटी सूचना आहे. कागदाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात एक चौकट छापा : ‘या बाईची प्रसूती अमुक तारखेला झाली आहे.’ खाली सहा आठवड्यांनंतरची तारीख. अपघात विभागात किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे डोकेदुखी, धाप, ताप घेऊन गेलेली बाई, बाळ घरी ठेवून गेली असेल, तर बाळंतीण म्हणून ओळखू येत नाही. तिला अर्धशिशीची गोळी देऊन घरी पाठवलं जातं. ही चौकट दाखवली की विचारायचे प्रश्नच बदलतात.

स्तनांबद्दल कागदावर ‘दर दोन-तीन तासांनी पाजा’ असतं आणि ते बरोबर आहे, 24 तासांत आठ ते बारा वेळा. पण दूध भरून येतं दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान. सिझर, जास्त रक्तस्राव किंवा मधुमेह असेल तर आणखी उशिरा. घरी पोचल्यावर स्तन दगडासारखे होतात, काळ्या भागाची कातडी ताणून गुळगुळीत होते, बाळाच्या तोंडात फक्त बोंड येतं आणि तिथून चिरा पडायला लागतात. उपाय मिनिटभराचा आहे. पाजण्याआधी बोंडाच्या मुळाशी चारी बाजूंनी बोटांच्या पेरांनी आत, छातीच्या दिशेने हलकं दाबून धरायचं, साधारण एक मिनिट. सूज मागे सरते, भाग मऊ होतो आणि बाळाला धरता येतं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा काळा भाग वरच्यापेक्षा जास्त तोंडात. पहिल्या काही सेकंदांनंतरही दुखत राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. पाजून झाल्यावर थंड फडकं दहा-पंधरा मिनिटं.

गाठ आली की जोरात चोळणं, कडक शेक आणि पंपाने रिकामं करणं, या तिन्ही गोष्टी प्रेमाने केल्या जातात आणि तिन्हींनी वाढतं. चोळल्याने आतली सूज वाढते आणि जास्त काढलं की शरीर जास्त बनवतं. लाल पट्टा, थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं असं झालं तरी पाजणं थांबवायचं नाही. 24 तासांत उतार पडला नाही तर डॉक्टर. हे सगळं तुमच्या विभागातल्या प्रत्येक पाळीच्या सिस्टरला सारखंच सांगता यायला हवं, कारण सकाळी एक आणि रात्री उलटं ऐकलेली आई शेवटी कुणाचंच ऐकत नाही.

मनगटाबद्दल एक ओळ मधेच घालतो, कारण ते दुखणं कुणीच बाळंतपणाशी जोडत नाही. अंगठा फाकवून बाळाला काखेत धरून उचलल्याने अंगठ्याच्या बाजूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सुजते आणि बाटलीचं झाकणही उघडत नाही. तळहात वर करून, दोन्ही हात बाळाच्या खाली सरकवून, कोपरांच्या जोरावर उचलायचं.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम ‘करा’ असं लिहून होत नाही. लघवी आणि गॅस एकाच वेळी अडवतोय असं आत आणि वर खेचायचं, पाचपर्यंत मोजून धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि हळूहळू दहापर्यंत मोजायचं. लघवीची नळी काढल्यानंतर, दुखत नसेल तर पहिल्याच आठवड्यात सुरू करता येतो. चुका तीन होतात : श्वास रोखणं, मांड्या-नितंब आवळणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे वर खेचण्याऐवजी खाली ढकलणं. ढकलणारी बाई रोज तीस वेळा स्वतःचं नुकसान करत असते. लघवी मधेच थांबवून सराव करू नये, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. तीन महिने नेटाने करूनही खोकताना-शिंकताना लघवी गळत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. ‘बाळंतपणानंतर होतंच’ म्हणून सोडू नका. आडवं पडून पोटाच्या जोरावर उठायचे (सिट-अप्ससारखे) व्यायाम सुरुवातीला नकोत, कारण मधोमध विलग झालेले स्नायू त्याने फुगून बाहेर येतात. कंबरेचा पट्टा आधार देतो, ती फट बुजवत नाही, आणि अति घट्ट बांधला तर सगळा दाब खाली जातो. धावणं बारा आठवड्यांच्या आधी नाही.

रक्त बरंच गेलं असेल तर हिमोग्लोबिन घरी सोडण्याआधी तपासा आणि आकडा कागदावर लिहा. लोहाची गोळी सहा ते बारा आठवडे लागते. ती चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. मधे दोन तास ठेवायचे. शी काळी होते, तेही लिहा, नाहीतर घाबरून बंद केली जाते.

मनाच्या बाबतीत मुदत सांगणं सर्वांत उपयोगाचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड, क्षणात बरं क्षणात वाईट वाटणं हे अर्ध्याहून अधिक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. दोन आठवड्यांनंतरही राहिलं, किंवा बाळ झोपल्यावरही झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, आपण वाईट आई आहोत असं सतत वाटतं, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत, स्तनपान चालू ठेवून घेता येणारेही. एडिंबरोत तयार झालेली, 1987 मध्ये प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची चाचणी भरायला पाच मिनिटं लागतात. ती मागच्या सात दिवसांबद्दल विचारते, जास्तीत जास्त गुण 30 आणि दहापासून पुढे लक्ष द्यायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बाकीची बेरीज न बघता त्याच दिवशी बोलायचं. चाचणी बाईला एकटीला भरू द्या. सासू किंवा नवरा शेजारी बसून भरलेल्या चाचणीचे गुण नेहमी छान येतात.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकवा. बाळ हातातून पडेल, आपल्या हातून त्याला काही होईल असे नकोसे विचार डोक्यात घुसतात आणि आईला त्यांची भयंकर किळस येते, भीती वाटते. हे बऱ्याच जणींना होतं आणि त्या ते कुणाला सांगत नाहीत, बाळ काढून घेतील या धास्तीने. त्यांना ऐकून घेणारं माणूस आणि उपचार हवे असतात. याउलट हजारात एक-दोन बायकांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, एकाएकी झोप उडते पण थकवा येत नाही, बोलणं सुटतं, संशय येतो, आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल विचित्र खात्री वाटते. ही रक्तस्रावाइतकीच तातडीची अवस्था आहे. तिला एकटीला ठेवायचं नाही, बाळ दुसऱ्याकडे द्यायचं आणि त्याच दिवशी दवाखाना.

विश्रांतीची ओळ तुम्हाला ठेवायचीच असेल तर ती घरच्यांच्या नावाने लिहा. 24 तासांत एकदा तरी सलग तीन-चार तास झोप, आणि ती मिळवून देणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम. बाळ पाजून झालं की उचलून नेणं, ढेकर काढणं, दुपटं बदलणं, झोपवणं आणि पुढच्या वेळी आईजवळ आणून देणं. आईने फक्त पाजायचं. पाहुण्यांना थांबवणं हेही घरच्यांचं काम. ते बाळंतिणीच्या तोंडी टाकू नका.

तपासण्यांचं वेळापत्रक. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशींनुसार सुरळीत प्रसूतीनंतर किमान 24 तास दवाखान्यात आणि त्यानंतर किमान तीन भेटी : 48 ते 72 तासांच्या दरम्यान, 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान आणि सहाव्या आठवड्यात. तुमच्या कागदावरची एकच भेट त्यातली शेवटची आहे. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर चार ते बारा आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासायची, हे तारखेसह लिहा. बाळाच्या गडबडीत ही तपासणी राहून जाते आणि पुढे होणारा मधुमेह वेळेत कळत नाही. आणि पाळी येण्याआधीही दिवस जाऊ शकतात, हेही लिहा. फक्त स्तनपानावर भिस्त ठेवायची तर तीन अटी एकाच वेळी हव्यात : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं काहीही नाही आणि पाळी आलेली नाही. यातली एक सुटली की दुसरं साधन लागतं.

शेवटची मागणी फोनची. कागदावर चोवीस तास उचलला जाणारा एक नंबर द्या आणि तुमच्या बाजूने चौथ्या किंवा पाचव्या दिवशी एक फोन करा. तो आईशीच बोलण्यासाठी असावा. ‘सगळं ठीक ना’ असं विचारलं की ‘हो’ येतं आणि फोन संपतो. म्हणून असं विचारा : शेवटचा पॅड कधी बदलला आणि त्याचा रंग काय होता? डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे काही येतंय का? रक्तदाब मोजला असेल तर आकडा किती? लघवीला शेवटचं कधी गेलात? टाके आज कालपेक्षा बरे आहेत की जास्त दुखतायत? काल रात्री सलग किती झोप झाली? उत्तरं कागदावरच्याच रकान्यांत लिहून घ्या. सहा प्रश्नांना पाच मिनिटं लागतात. फोन नवऱ्याने किंवा सासूने घेतला आणि ती झोपली आहे म्हणाले, तर उठवू नका. संध्याकाळी पुन्हा करा.

आपल्या,
बाळंतिणींची देखभाल करणाऱ्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि स्तनपान सल्लागार